‘द एंड इज नाय’मधला ‘नाय’ आला कुठून?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही एक इंग्रजी कादंबरी मराठीत आणताय, विसाव्या शतकाच्या सुरुवातीची. तिच्यात एक माणूस गळ्यात पाटी अडकवून बाजारातून फिरतो आणि पाटीवर लिहिलंय, ‘द एंड इज नाय’. पुढे एक म्हातारी शेतकरीण आपल्या लग्नाबद्दल बोलताना ‘नाय ऑन फॉर्टी यर्स’ म्हणते. आणखी एका ठिकाणी लेखक स्वतःच एका चढणीला ‘वेल-नाय इम्पॉसिबल’ म्हणतो. शब्दकोशात तिन्हींसाठी एकच शब्द मिळाला, ‘जवळ’. म्हणून तुम्ही विचारलंय: हे ‘निअर’चंच जुनं रूप आहे का, ते आलं कुठून, आणि सगळीकडे ‘जवळ’ लिहिलं तर काय बिघडलं?

मी गेली तीस वर्षं इंग्रजीतून मराठीत भाषांतर करते, आणि त्यातली बरीच वर्षं इतरांची भाषांतरं तपासण्यात गेली आहेत. हा शब्द दर दोन-चार वर्षांनी कुणाच्या ना कुणाच्या मजकुरात मला भेटतोच. तुम्हाला अर्थ बरोबर सापडलाय. अडलंय ते या शब्दाच्या वयापाशी. एक शब्द एके काळी रोजच्या बोलण्यातला असतो आणि पुढे फक्त देवळात, कवितेत आणि खेड्यातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी उरतो. अशा शब्दाचं भाषांतर करताना तो कुणाच्या तोंडी आहे, कोणत्या काळातला आहे, हे पाहिल्याशिवाय हात लावता येत नाही. म्हणून आधी इतिहास सांगते, मग तुमची तीन वाक्यं घेऊ.

आधी लिहिण्याची एक गोष्ट. इंग्रजीत या शब्दाची अक्षरं एन, आय, जी, एच अशी आहेत आणि उच्चार ‘नाय’. मराठीत हेच उच्चाराप्रमाणे लिहिलं की आपल्या बोलीतलं ‘नाही’ होतं. त्यामुळे इथे मी तो कायम अवतरणात ठेवणार आहे, आणि तुम्हीही भाषांतरात मूळ शब्द तसाच ठेवण्याच्या फंदात पडू नका.

तर हा ‘निअर’चा जुना अवतार आहे का? नातं नेमकं उलटं आहे. ‘निअर’ हेच ‘नाय’चं एक रूप आहे. हजारेक वर्षांपूर्वीच्या इंग्रजीत ‘जवळ’ला ‘नेआह’ म्हणत. शेवटचा ‘ह’ आपल्या ‘ह’सारखा हलका नव्हता, उर्दूतल्या ‘ख़बर’मधल्या ‘ख़’सारखा घशातून घासून यायचा. या शब्दाची तुलनेची दोन रूपं होती. ‘नेआर’ म्हणजे अधिक जवळ आणि ‘निएख्स्ट’ म्हणजे सर्वांत जवळ. तिन्ही एकदा मोठ्यानं म्हणून पाहा. पहिलं झिजत झिजत ‘नाय’ झालं, दुसरं ‘निअर’ झालं आणि तिसरं ‘नेक्स्ट’. आज इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना हे तीन सुटे शब्द वाटतात, पण ते जवळ, अधिक जवळ, सर्वांत जवळ अशा एकाच पायरीवजा मांडणीतले आहेत. जर्मन भाषेत ती पायरी अजून शाबूत आहे: ना, नेअर, नेख्स्ट. जर्मन येणारा एखादा मित्र असेल तर त्याला विचारा, तो एका दमात म्हणून दाखवेल.

मग ‘अधिक जवळ’ सांगणारं रूप नुसतं ‘जवळ’ कसं झालं? नवव्या शतकापासून इंग्लंडच्या उत्तर आणि पूर्व भागात उत्तरेकडचे व्हायकिंग लोक येऊन वसले. त्यांची भाषा इंग्रजीच्या नात्यातलीच. त्यांच्याकडे याच घराण्यातलं ‘नेर’ हे रूप मुळात तुलनेचं असूनही साधं ‘जवळ’ या अर्थानं चालत होतं. दोन्ही बोली शेजारी नांदल्या, रूपं सरमिसळली आणि इंग्रजी ‘निअर’सुद्धा हळूहळू साध्या अर्थानं वापरात आलं. मग ‘अधिक जवळ’साठी रूप उरलं नाही, म्हणून लोकांनी ‘निअर’ला पुन्हा एकदा तुलनेचा प्रत्यय जोडून ‘निअरर’ केलं. म्हणजे ‘अधिक’वर आणखी एक ‘अधिक’.

हा बदल घडत असतानाचा एक क्षण शेक्सपिअरच्या ‘मॅकबेथ’मध्ये जसाच्या तसा पकडला गेला आहे. डंकन राजाचा खून झाल्यावर त्याचा मुलगा डोनलबेन म्हणतो, ‘द निअर इन ब्लड, द निअरर ब्लडी’. भावार्थ असा, की रक्ताच्या नात्यानं जो अधिक जवळचा, तोच आपलं रक्त सांडण्याच्या अधिक जवळ आहे. इथे पहिला ‘निअर’ जुन्या हिशेबानं ‘अधिक जवळ’ असा आहे आणि लगेच पुढचा ‘निअरर’ नव्या हिशेबानं. एकाच ओळीत दोन्ही पिढ्या. पहिल्या ‘निअर’चं भाषांतर नुसतं ‘जवळचा’ असं केलं तर ओळीचा तोल जातो. ही ओळ मी तपासताना एकदा अशीच सोडून दिली होती, आणि दुसऱ्या आवृत्तीच्या वेळी ती दुरुस्त करावी लागली.

हे परक्या भाषेचं विचित्र वागणं वाटत असेल तर आपल्या घरात पाहा. ‘श्रेष्ठ’मध्ये ‘सर्वांत’ आधीच भरलेलं आहे. ज्येष्ठ, कनिष्ठ, वरिष्ठ, बलिष्ठ, सगळ्यांच्या शेवटी तोच ‘इष्ठ’ प्रत्यय आहे. तरी आपण ‘सर्वश्रेष्ठ’ म्हणतो, ‘श्रेष्ठतम’ म्हणतो. ही आपली आजची चूक आहे असंही नाही. शुक्ल यजुर्वेदाच्या पहिल्याच मंत्रात ‘श्रेष्ठतमाय कर्मणे’ आहे. प्रत्ययाची धार बोथट झाली की भाषा त्यावर दुसरा प्रत्यय चढवते. इंग्रजांनी ‘निअरर’ केलं ते याच न्यायानं.

आणि मला या सगळ्यात सर्वांत जास्त आनंद देणारी गोष्ट पुढेच आहे. ‘नेक्स्ट’च्या शेवटी जो ‘स्ट’ आहे, तो आणि ‘श्रेष्ठ’च्या शेवटी जो ‘ष्ठ’ आहे, हे मुळात एकच. इंग्रजी आणि संस्कृत दोघींनी तो एकाच पूर्वज भाषेतून आणला. ‘नेक्स्ट स्टेशन’ ही रेल्वेतली घोषणा आपण रोज ऐकतो. तिच्यातल्या त्या दोन जोडलेल्या व्यंजनांत आपल्या ज्येष्ठ-कनिष्ठांचं नातं बसलेलं आहे.

पण इथेच सावध राहायला हवं, कारण या ठिकाणी हमखास घसरायला होतं. प्रत्यय एक, म्हणून मूळ शब्दही एक असं समजू नका. नाय, निअर यांच्या सुरुवातीला ‘न’, आपल्या निकट, नजीक यांच्या सुरुवातीलाही ‘न’, म्हणून हे सगळे एकाच मुळाचे, असं सांगणारे लेख मी वाचले आहेत. ते खरं नाही. ‘नाय’चे सख्खे नातेवाईक जर्मन, डच, गॉथिक अशा इंग्रजीच्या घराण्यातल्या भाषांतच सापडतात. ‘निकट’ आपला संस्कृतातला. ‘नजीक’ फारसी ‘नज़्दीक’वरून आला. त्याचं नातं संस्कृतशी जुळतं खरं, पण ते ‘निकट’शी जुळत नाही. संस्कृतात जवळ म्हणजे ‘अंतिक’, अधिक जवळ म्हणजे ‘नेदीयस्’ आणि सर्वांत जवळ म्हणजे ‘नेदिष्ठ’. ‘अंतिक’च्या जागी ‘नेद’ येतो हे सांगण्यासाठी पाणिनीला वेगळं सूत्र करावं लागलं: ‘अन्तिकबाढयोर्नेदसाधौ’. इराणच्या जुन्या अवेस्ता भाषेतला ‘नज़्दिश्त’ हा या नेदिष्ठाचा भाऊ, आणि फारसी ‘नज़्दीक’ त्याच वंशातला. म्हणजे ‘कराडनजीक अपघात’ असा मथळा वाचताना आपण नेदिष्ठाच्या इराणी चुलतभावाला भेटत असतो. ‘नाय’ला मात्र या घरात जागा नाही.

‘नेआह’ आणखी एका शब्दात दडून राहिला आहे, आणि तो तुम्ही रोज वापरता: ‘नेबर’. जुन्या इंग्रजीत ‘नेआहगेबूर’. ‘गेबूर’ म्हणजे वस्ती करून राहणारा, शेतकरी. जवळच्या शेतावर राहतो तो शेजारी. डच भाषेत शेतकऱ्याला ‘बूर’ म्हणतात तो याच मुळाचा. दक्षिण आफ्रिकेतल्या डच शेतकऱ्यांचं ‘बोअर’ हे नाव त्यावरूनच पडलं आणि १८९९ ते १९०२च्या बोअर युद्धामुळे आपल्या इतिहासाच्या पुस्तकांतही पोचलं. ‘नेबर’च्या इंग्रजी अक्षरांत जे मुकं ‘जीएच’ आहे, ते ‘नाय’मधलंच.

या ‘जीएच’बद्दल दोन शब्द. १०६६नंतर इंग्लंडवर नॉर्मन सत्ता आली. पुढच्या काळात लेखनाची वळणं बदलली आणि तो घशातला घासणारा ध्वनी ‘जीएच’ या जोडीनं लिहायची पद्धत पडली. पुढे ध्वनी बोलण्यातून गेला, अक्षरं मात्र छापखान्यानं गोठवून ठेवली. ‘नाइट’ घ्या. जर्मनमध्ये ‘नाख्ट’, संस्कृतात ‘नक्त’. ‘डॉटर’ घ्या. जर्मनमध्ये ‘टोख्टर’, फारसीत ‘दुख्तर’, संस्कृतात ‘दुहिता’. इंग्रजीत जिथे मुकी अक्षरं आहेत, तिथे भावंडांकडे अजून क, ख, ह ऐकू येतात. माझ्या विद्यार्थ्यांना इंग्रजी स्पेलिंगचा राग यायचा तेव्हा मी हे दाखवायची. राग जात नसे, पण स्पेलिंग लक्षात राहत असे.

आतापर्यंतचं एका ओळीत सांगते: ‘नाय’ मूळ, ‘निअर’ त्याचं ‘अधिक जवळ’, ‘नेक्स्ट’ त्याचं ‘सर्वांत जवळ’. मधल्या रूपानं मुळाची जागा घेतली आणि मूळ शब्द रोजच्या बोलण्यातून हटला.

तरी तो मेला नाही, याचं मोठं कारण बायबल. १६११चं राजा जेम्सच्या काळातलं इंग्रजी भाषांतर पुढे शतकानुशतकं दर रविवारी वाचलं गेलं आणि त्यात ‘नाय’ जागोजागी आहे. लूकच्या शुभवर्तमानात, एकविसाव्या अध्यायात, अंजिराच्या झाडाचा दाखला आहे. झाडाला पालवी फुटली की उन्हाळा ‘नाय ॲट हँड’ आहे हे तुम्हाला आपोआप कळतं, तसंच देवाच्या राज्याचं. योएलच्या पुस्तकात प्रभूचा दिवस ‘नाय ॲट हँड’ आहे. दोन्हीकडे जवळ येणारी गोष्ट म्हणजे एक घडी आहे, आणि ती टळणारी नाही. लोकांच्या कानात हीच संगत बसली. त्यामुळे बोलण्यातून शब्द गेल्यावरही, काहीतरी मोठं, अटळ जवळ आलंय असं सांगायचं झालं की ‘नाय’च ओठावर येई. तुमच्या पाटीवरचं नेमकं वाक्य मात्र त्या बायबलात नाही. तिथे पेत्राच्या पहिल्या पत्रात ‘सगळ्याचा शेवट ॲट हँड आहे’ असं येतं. पाटीवरचं वाक्य त्या भाषेच्या वळणावर लोकांनी घडवलेलं आहे. कवींनीही हा शब्द जपला, कारण स्काय, हाय, डाय, आय अशा हव्या त्या शब्दांशी त्याचं यमक जुळतं.

जागेच्या अर्थानं तो खेड्यात टिकला. अमेरिकेत बैल हाकणारा माणूस जोडीच्या डाव्या बाजूनं चालतो, म्हणून डावीकडच्या बैलाला ‘नाय ऑक्स’ म्हणत आणि पलीकडच्याला ‘ऑफ ऑक्स’. इंग्लंडात घोड्यावर डावीकडून चढतात, म्हणून डावी बाजू ‘निअर साइड’. तीच पुढे मोटारीला लागली. सुरुवातीच्या काळात एका वाहनाच्या माहितीपुस्तिकेत मी ‘निअरसाइड’चं ‘जवळची बाजू’ केलं होतं. गॅरेजमधल्या मिस्त्रींनी विचारलं, ‘ताई, जवळची म्हणजे कुणाच्या जवळची?’ उत्तर होतं ‘डावी’. तेव्हापासून नुसत्या शब्दकोशावर मी विसंबत नाही.

‘नेक्स्ट’बाबतही हीच चूक फार होते. ‘नेक्स्ट ऑफ किन’ या शब्दांत ‘नेक्स्ट’ जुन्या अर्थानं, म्हणजे ‘सर्वांत जवळचा’ असा आहे. एका रुग्णालयाच्या छापील अर्जावर मी ‘पुढील नातेवाईक’ असं वाचलं आहे. अपघात झालेल्या माणसाची बायको तो रकाना पाहून गोंधळून उभी होती. पुढील म्हणजे कोण? तिथे ‘सर्वांत जवळचे नातेवाईक’ एवढंच हवं होतं. अशा चुकांची मला मनापासून चीड येते, कारण त्या अडचणीत सापडलेल्या माणसाला आणखी अडवतात.

आता तुमची वाक्यं. इथे बरंचसं परिस्थितीवर अवलंबून आहे, ते आधी कबूल करते. तुमचा मजकूर १६११च्या आसपासचा असता तर मी सरळ ‘जवळ’ लिहा म्हटलं असतं, कारण तेव्हा ‘नाय’ला जुनाट वास नव्हता. मराठी बायबलमध्येही लूकच्या त्या जागी साधं ‘जवळ’ आहे आणि ते योग्यच आहे. तुमची कादंबरी मात्र त्यानंतर तीनशे वर्षांची. तिच्या लेखकाला ‘निअर’ उपलब्ध होता, तरी त्यानं तीन ठिकाणी ‘नाय’ निवडला. त्या निवडीमागे काहीतरी कारण आहे.

पाटीवरच्या वाक्यात तो धर्मोपदेशकाचा सूर आहे. मराठीत त्या सुराच्या सर्वांत जवळ ‘समीप’ येतो. मंगलाष्टकांत लग्नघटिका समीप येते. रोजच्या बोलण्यात ‘बस स्टँड समीप आहे’ असं कुणी म्हणत नाही, पण शब्द सगळ्यांना कळतो. ‘नाय’ची आजची अवस्था हुबेहूब अशीच आहे. लग्नाच्या मंगल आठवणीमुळे ‘समीप’ अंताशी जोडावा का, अशी शंका तुम्हाला येईल. मला तो चालतो, कारण त्यात मुख्य भाव मंगलाचा नसून घडी भरत आल्याचा आहे. ‘आसन्न’ अर्थानं चोख आहे. मरणासन्न, आसन्नप्रसवा असे शब्द आपण लिहितो. पण बाजारात फिरणाऱ्या पाटीवर तो कुणाला वाचता येणार नाही. ‘निकट’ आता ‘निकटवर्तीयां’मुळे राजकारणाच्या बातम्यांना चिकटला आहे आणि ‘नजीक’ अपघाताच्या मथळ्यांना. ‘कलियुगाचा अंत’ वगैरे नको, कारण तो माणूस ख्रिस्ती आहे, त्याची श्रद्धा त्याच्यापाशी राहू द्या. म्हणून पाटीवर मी ‘अंत समीप आहे’ असं लिहीन. एकच अट: लेखक त्या माणसाकडे गंभीरपणे पाहतोय ना, हे आजूबाजूच्या दोन पानांवरून तपासा. तो त्याची टर उडवत असेल, तर ‘शेवट जवळ आला’ इतकं साधं ठेवा आणि टर बाजूच्या वर्णनातून येऊ द्या.

चढणीचं वाक्य सोपं आहे. ‘वेल-नाय’ हे ‘नाय’चं असं रूप, जे शिकलेली माणसं आजही लिहितात. यातला ‘वेल’ म्हणजे चांगलाच, पुरता. अशक्याच्या अगदी कडेला पोचलेलं. मराठीत ‘जवळजवळ अशक्य’ चालेल, पण लेखकाची भाषा भारदस्त असेल तर आपल्याकडे ‘प्राय’ आहे: मृतप्राय, नष्टप्राय, अशक्यप्राय. मी ‘ती चढण चढणं अशक्यप्राय होतं’ असं लिहीन. तुमच्या स्वतःच्या इंग्रजी पत्रव्यवहारात ‘नाय’ वापरू का, असंही तुम्ही विचारलंय. या एका जोडशब्दाखेरीज नको.

म्हातारीचं वाक्य मात्र शब्दकोशातून सुटणार नाही. तिच्या तोंडी ‘नाय’ ग्रंथातून आलेला नाही, आईआजीकडून आलेला आहे. तिला ‘समीप’ दिलंत तर ती किर्तनकार वाटेल, आणि ‘जवळजवळ चाळीस वर्षं’ दिलंत तर बँकेतली बाई. मराठीत असं बोलताना आपण ‘जवळ’ शब्दच वापरत नाही, क्रियापदाला वळण देतो: होत आली, भरत आली, व्हायला आली. तिची बाकीची बोली तुम्ही कोणत्या भागाच्या वळणानं घडवलीय ते मला दिसलेलं नाही. साताऱ्याकडची असेल, वऱ्हाडी असेल, किंवा तुम्ही प्रमाण भाषाच थोडी सैल सोडली असेल. त्याप्रमाणे क्रियापदाचं रूप बदला, पण वाक्याचा सांगाडा हाच ठेवा: ‘आमच्या लग्नाला चाळीस वर्षं व्हायला आली.’